अकरा दिवसांचे अंगठे

मिलच्या हजेरीपुस्तकात भिकुबाईच्या नावापुढे त्या बारा महिन्यांत दोनशे एकेचाळीस अंगठे होते. कायद्याला दोनशे चाळीस पुरतात. एक अंगठा वरचा होता, आणि त्या एका अंगठ्यावर तिची अडीच वर्षांची केस उभी होती.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतली ती डाळ मिल. चाळीस बाया बारदान अंथरून ओळीनं बसायच्या आणि डाळीतले खडे, काळे दाणे, न फुटलेला गोटा वेचून काढायच्या. मजुरी रोजची रोज मिळायची, म्हणून अंगठाही रोजचा रोज. संध्याकाळी पंडित मुकादम पुस्तक आणि शाईची डबी घेऊन ओळीच्या टोकाला उभा राहायचा. बाया एकेक करून अंगठा उठवायच्या आणि बोटाची शाई लुगड्याच्या आतल्या काठाला पुसून घरी जायच्या. भिकुबाईची जागा दारापासून तिसरी. चौदा वर्षं ती तिचीच होती. नवी बाई चुकून तिथे बसली तर ओळीतल्याच बाया तिला उठवायच्या, "ऊठ माय, ती भिकुबाईनी जागा शे."

दर तीन महिन्यांनी मुकादम प्रत्येकीला एक महिना घरी बसवायचा. कुणाचेच दिवस दोनशे चाळीसपर्यंत जाऊ नयेत म्हणून हे चालतं, हे बायांना माहीत नव्हतं. त्या त्याला माहेरचा महिना म्हणायच्या. "आमना शेठ भला मानूस शे, वरीसमा तीनदा आमले माहेर धाडस," असं म्हणून हसायच्या आणि तो महिना दुसऱ्यांच्या शेतात निंदणी करत काढायच्या.

सत्त्याऐंशी साली होळीपासून मृगापर्यंत मिल नव्या यंत्रांसाठी बंद राहिली. मृगानंतर सुरू झाली ती थांबलीच नाही. शेठनं बाहेरच्या प्रांताचं मोठं काम घेतलं होतं. आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीचे दोन दिवस सोडले तर मिल धडधडतच होती, आणि त्या धावपळीत माहेरचा महिना द्यायचा राहून गेला. पुढच्या होळीनंतर पंधरवड्यानं मुनीमानं पुस्तक चाळलं तेव्हा त्याच्या अंगाला घाम सुटला असणार. पण बाकी एकोणचाळीस जणींचे खाडे पडलेले होते. कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप, कुणाच्या घरी मयत. दोनशे चाळीसच्या पुढे एकच नाव गेलं होतं. भिकुबाईनं वर्षात एकही खाडा पडू दिला नव्हता.

त्याच संध्याकाळी पंडित मुकादमानं तिला बाजूला घेतलं. "भिकुबाई, उद्यापासून नको येऊ."

"माहेरचा महिना का?"

"महिना नाही. आता नकोच येऊ." मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझी जागा कुठं जात नाही. शेवंताला पाठव. घरातल्या घरात राहील."

शेवंता म्हणजे तिची धाकटी जाऊ. दोघींचं सासर पारोळ्याजवळचं. धाकटा दीर तापानं गेला तेव्हा भिकुबाईनंच शेवंताला आणि तिच्या मंदाला जळगावला आणलं होतं. दोन खोल्या, मधे पत्रा, चूल एक. भिकुबाईचा नवरा भटू मार्केट यार्डात हमाल होता. पाठीत चमक भरल्यापासून त्याला पोती उचलवत नसत, तो आता तिथे नुसतं झाडायचा. भिकुबाईला पोरबाळ नव्हतं. मंदा दोघींची होती.

"मी नही जात अक्का," शेवंता म्हणाली. "तुनी जागावर कशी बसू मी?"

"जाय. आपण नही बसनूत तं दुसरी बसी. मंग ना तुनी, ना मनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकुबाईनं आपलं नाका-तोंडाला बांधायचं फडकं धुऊन शेवंताच्या हातात दिलं. डाळीच्या भुशानं छाती भरते, त्याला तेवढाच आधार. शेवंता जाऊन दारापासून तिसरी बसली. घर चालू राहिलं, म्हणून घरात कुणी ओरडलं नाही. मुकादमाचा हिशेब तोच होता.

ओरडला तो कौतिक भाऊ. एके काळी भटूबरोबर पोती उचलणारा कौतिक भाऊ आता सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मजुरांची युनियन चालवायचा. भिकुबाईला कसं काढलं हे भटूच्या तोंडून ऐकल्यावर तो घरीच आला आणि दारातूनच बोलायला लागला.

"वहिनी, तुम्हाला तोंडी सांगून काढता येत नाही त्यांना. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरले ना, की आधी महिन्याची नोटीस लागते, भरपाई लागते. ते न करता काढलं तर कायदा म्हणतो, काढलंच नाही. परत जागेवर बसवा."

"मी अंगठेवाली बाई, भाऊ. माझ्यासाठी कुणी कायदा केला?"

"अंगठेवाल्यांसाठीच केलाय. सही करणारे आपलं आपण बघून घेतात."

सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे तडजोड झाली नाही आणि केस कोर्टात गेली. मिलच्या उत्तराचा कागद आला तो कौतिक भाऊनं वाचून दाखवला. सदर नावाची बाई आमच्या मिलमध्ये कधीही कामावर नव्हती, असं त्यात लिहिलं होतं. भिकुबाईनं त्याला पुन्हा वाचायला लावलं.

"कधीच नव्हती?"

"तसं लिहिलंय."

काढून टाकलं याचं दुःख तिनं गिळलं होतं. मजुराला काढतात, त्यात नवल नाही. पण चौदा वर्षं ज्या दारातून ती आत गेली, त्या दाराच्या मालकानं शिक्का मारून म्हणावं की ही बाई आलीच नव्हती? त्या दिवसापासून केस तिच्यासाठी नोकरीची राहिली नाही. नोकरी मिळाली तर हवीच होती. पण त्याआधी तिला एका सरकारी कागदावर एवढंच लिहून हवं होतं, की ही होती.

कौतिक भाऊनं वकील दिला तो जीवराम झोपे. सडपातळ, चष्मेवाला, हळू बोलणारा माणूस. जळगावच्या कोर्टातली खुर्ची रिकामी होती म्हणून कामकाज धुळ्याच्या न्यायाधीशांकडे होतं आणि दर तारखेला नव्वद किलोमीटरचा एसटीचा फेरा पडायचा. मिलनं हजेरीपुस्तक हजर करावं असा हुकूम झोपे वकिलानं मिळवला. पुस्तक सुनावणीच्या आठव्या तारखेला आलं. ते आलं तेव्हा 'कधीही नव्हती' हे म्हणणं गळून पडलं. पानापानावर भिकुबाई होती.

पुस्तक तपासायची परवानगी मिळाली त्या दिवशी वकिलानं मेहुण्याच्या सोन्याच्या दुकानातून भिंग मागून आणलं होतं. दिवसभर तो एकेक अंगठा पाहत बसला. आठवड्यानं त्यानं भिकुबाईला जळगावच्या आपल्या कचेरीत बोलावलं. टेबलावर शाईची डबी आणि कोरा कागद होता.

"अंगठा उठवा."

तिनं उठवला. त्यानं भिंगातून पाहिलं, मान हलवली आणि कागद तिच्याकडे वळवला. "हे पाहा. तुमच्या अंगठ्यावर चक्र आहे, पाण्यात खडा टाकल्यावर उठतं तसं. आणि या चक्राला तिरकी कापत ही पांढरी रेघ गेली आहे. इथे शाई धरत नाही. हा व्रण कधीचा?"

"चाळणीचा, साहेब."

"कुठल्या साली?"

"त्याच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"बरोबर." तो खुर्चीत मागे टेकला. "पुस्तकातही पोळ्यापर्यंत नुसतं चक्र आहे. पुढे चक्र आणि रेघ. पण मधे अकरा दिवस वेगळाच अंगठा आहे. त्यात चक्र नाही. रेषा एका बाजूनं येतात आणि वळून त्याच बाजूला परत जातात. तो अंगठा तुमचा नाही, भिकुबाई. कुणाचा आहे?"

तिला लपवायचं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही. तिनं सगळं सांगितलं. चाळणीच्या तोंडाशी डाळ अडकली होती. मुकादम म्हणाला, हात घालून काढ, यंत्र कशाला थांबवायचं. पट्ट्यानं अंगठा ओढला आणि पेरापासून शेंड्यापर्यंत उकलला. मुकादमानं हळद भरून चिंधी बांधली. म्हणाला, दवाखान्यात मिलचं नाव सांगू नको, विळा लागला म्हण. आणि खाडा पडला तर जागा जाईल, तेव्हा अंगठा भरेपर्यंत घरातली बाई पाठव. मिलमध्ये हा रिवाजच होता. बाई आजारी पडली की तिची सून, लेक, जाऊ, जी असेल ती तिच्या जागेवर बसायची, तिच्या नावापुढे आपला अंगठा उठवायची. नाव चालू राहिलं की जागा चालू राहायची.

"मी शेवंताला पाठवलं, साहेब. अकरा दिवस. एक दिवससुद्धा खाडा पडू दिला नाही."

शेवटचं वाक्य तिनं थोडं अभिमानानं म्हटलं. वकिलानं चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"कामावर असताना इजा झाली आणि त्यामुळे बाई घरी बसली, तर ते घरी बसलेले दिवस कायदा कामाचेच धरतो. तुम्ही त्या अकरा दिवसांत घरी नुसत्या झोपून राहिला असतात, तरी ते तुमचे होते."

"नुसती झोपून?"

"हो. पण तुम्ही जाऊबाईंना पाठवलं. आता पुस्तक म्हणतं की त्या दिवसांत कुणाला इजा झालीच नाही, भिकुबाई कामावर होती. आणि अंगठा म्हणतो की ती भिकुबाई नव्हती. अकरा वजा केले तर उरतात दोनशे तीस."

बाहेर रिक्षावाल्यांची वादावादी चालली होती. भिकुबाई आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिली. जागा जाऊ नये म्हणून जे केलं, त्यानंच जागा गेली होती. कुणाला दोष द्यावा हे तिला समजेना.

"मार्ग आहे," वकील म्हणाला. "व्रणाच्या आधीचा अंगठा, नंतरचा अंगठा, मधली तारीख. पुस्तकच निम्मी साक्ष देतं. फक्त मधल्या अकरा अंगठ्यांच्या मालकिणीनं पुढे येऊन सांगायला हवं, की हे माझे आहेत, हिचा अंगठा मिलमध्ये चिरडला होता, आणि मला मुकादमानं बोलावलं होतं."

भिकुबाईनं एकच प्रश्न विचारला. "तिला काढलं तर कायदा तिला धरतो का?"

"साक्ष दिली म्हणून कामावरून काढणं गुन्ह्यासारखंच आहे. तसं स्पष्ट लिहिलेलं आहे."

"म्हणजे काढणार नाहीत?"

झोपे वकील खोटं बोलणारा माणूस नव्हता. "काढतील. त्यांनी काढलं की आपण तिचीही केस लावू."

"किती वर्षं?"

"दोन. तीन."

"म्हणजे माझ्यासारखी," ती म्हणाली आणि उठली.

घरी तिनं यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते भटूनं. त्याला कौतिक भाऊ मार्केटात भेटला होता. चुलीपुढे बसलेल्या शेवंतानं भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि वळली.

"अक्का, हाई खरं शे का?"

"भाकर बळस, ती दख."

"बळू दे. मी येसू धुळाले. अकरा अंगठा मना शेतस, मीच सांगसू."

"आनि मंदा?"

मंदा भुसावळला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी यायची. एप्रिलमध्ये तिची परीक्षा होती. एप्रिलपर्यंत शेवंताचा पगार चालू राहायला हवा होता, कारण घरात दुसरा पगार म्हणजे भटूचा खराटा.

"मंदा काय शेंडेफळ शे का तुनं एकलीनं?" शेवंता चिडून म्हणाली. "ती मनी पोर शे. मी दखसू तिनं काय करानं ते."

"वा! फी भरतांना मनी पोर, आनि आते तुनी झायी?"

शेवंताला हसू आलं आणि मग तिनं पदर तोंडाला लावला. "अक्का, दोन वरीस व्हयी गयात. रोज सकायले तुनी जागावर बसस मी. बाया बोलतस नही, पन दखतस. आखो कितला दिन बसू?"

भिकुबाईनं पुढे होऊन भाकरी उलटली. ती काळी पडली होती. कडेचा भाग खरडून तिनं ती आपल्याच ताटात घेतली.

ऑगस्टातली तारीख होती. दोघी सकाळच्या एसटीनं निघाल्या. शेवंतानं मिलमध्ये नात्यात दहावं आहे असं सांगून खाडा घेतला होता. तिनं मंदाची चांगली साडी नेसली होती आणि वाटभर ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. एरंडोलच्या पुढे भिकुबाईच्या लक्षात आलं की ती साक्ष पाठ करते आहे. "मना नाव शेवंताबाई. त्या दिनले मनी जेठानीना अंगठा..." मधेच अडायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. पारोळ्याला गावाकडचा फाटा आला तेव्हा दोघींनी सवयीनं खिडकीतून हात जोडले.

कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलानं शेवंताला बाकावर बसवलं. "तुमचं नाव पुकारलं की आत या. तोवर इथेच." ती बाकाच्या अगदी कडेला बसली, जशी मिलमध्ये पहिल्या दिवशी बसली असेल.

आत पंखा फिरत होता. मिलचा वकील गोरा, गुबगुबीत, गोड बोलणारा. त्याच्या मागे मुनीम, आणि मुनीमाच्या शेजारी इस्त्रीचा सदरा घातलेला पंडित मुकादम. भिकुबाईला पिंजऱ्यात उभं केलं. खरं सांगेन, असं तिनं शिपायामागून म्हटलं. पहिले प्रश्न सोपे होते. नाव, वय, किती वर्षं काम केलं. मग मिलच्या वकिलानं पुस्तक तिच्यापुढे आणलं. त्यानं तांबड्या पेन्सिलीनं अकरा खुणा करून ठेवल्या होत्या.

"बाई, या अकरा दिवसांचे अंगठे तुमचे आहेत?"

"नाहीत."

"मग तुम्ही त्या दिवशी कुठे होता?"

"घरी. माझा अंगठा चाळणीत सापडला होता."

"असं तुम्ही म्हणता. मग तुमच्या नावापुढे दुसऱ्याच बाईनं अंगठा उठवला. कोण होती ती?"

झोपे वकील किंचित पुढे झुकला. हाच प्रश्न यावा म्हणून तो इतके दिवस थांबला होता. भिकुबाईनं नाव घ्यायचं होतं, आणि बाहेरच्या बाकावरून नाव उठून आत यायचं होतं.

भिकुबाईनं मुकादमाकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. त्यानंच पुस्तक पुढे धरलं होतं, त्यानंच शेवंताचा अंगठा शाईत दाबला होता. त्याची नजर पंख्याकडे होती. मग तिनं दाराकडे पाहिलं. दाराच्या फटीतून व्हरांड्यातली मंदाची साडी दिसत होती आणि साडीच्या मांडीवर एका हातात धरलेला दुसरा हात.

"बाई, विचारलं त्याचं उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले. आवाज रागाचा नव्हता.

"मला माहीत नाही."

"तुमच्या जागेवर अकरा दिवस कोण बसलं, हे तुम्हाला माहीत नाही?"

"नाही साहेब. मी घरी होते."

पंख्याकडची मुकादमाची नजर खाली आली आणि आपल्या पायांवर स्थिर झाली. झोपे वकील उठला, बसला, पुन्हा उठला. तो तिच्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "अजून वेळ आहे. मी साक्षीदार बोलावतो."

"बोलावू नका."

"भिकुबाई, त्याशिवाय केस राहत नाही."

"मला समजतं. बोलावू नका."

कारकुनानं तिचं म्हणणं टंकलेला कागद आणि शाईची डबी पुढे सरकवली. तिनं अंगठा उठवला. चक्र स्पष्ट आलं, आणि चक्राला कापत गेलेली तिरकी रेघही. इतकी ठळक ती कधीच उठली नव्हती. वर लिहिलं होतं की कोण होतं ते मला माहीत नाही. खाली तो अंगठा होता. ज्या कागदावर तिला एकच खरी गोष्ट लिहून हवी होती, त्यावर तिनं खोटं लिहवून घेतलं होतं, आणि ते तिनंच खरं करून दिलं होतं.

ती बाहेर आली. शेवंता ताडकन उठली. "पुकारं का?"

"झायं. चाल घर."

"झायं म्हंजे? माले कोठे बलावं?"

तेवढ्यात मागून मुनीम आणि मुकादम बाहेर आले. मुकादम शेवंताला पाहून थबकला. मुनीम पुढे निघून गेला होता.

"तू इथं कशी? तुला तर दहाव्याला जायचं होतं ना?"

"माझ्यासोबत आणली," भिकुबाई म्हणाली. "मी एकटी बाई, एवढ्या लांब कशी येऊ?"

मुकादम दोघींकडे आळीपाळीनं पाहत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. पोटासाठी पुस्तक धरणारा माणूस होता. "घरातली बाई पाठवता तुम्ही नेहमी," तो शेवटी म्हणाला, आणि मग जरा खालच्या आवाजात, "उद्या खाडा नको पाडू, शेवंता."

परतीच्या एसटीत पारोळ्याच्या फाट्याला शेवंतानं हात जोडले नाहीत. एरंडोल सोडल्यावर खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, "बठ्ठं पाठ करेल व्हतं मी. एकबी शबद चुकती नही. तू माले मुकी करं, अक्का."

भिकुबाईनं तिचा हात धरला. शेवंतानं तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

निकाल डिसेंबरात लागला. कौतिक भाऊनं तो घरी आणला आणि पत्र्याशी बसून वाचला. अर्जदार बाईला मिलमध्ये इजा झाल्याचं शाबीत होत नाही. वादातले अकरा अंगठे तिचे नाहीत, हे तीच कबूल करते. सबब अर्ज फेटाळण्यात येतो. मधे एक वाक्य होतं: अर्जदार ही सदर मिलमध्ये वादापूर्वीच्या बारा महिन्यांत दोनशे तीस दिवस कामावर होती, हे हजेरीपुस्तकावरून शाबीत होते.

"ते परत वाचा, भाऊ."

त्यानं वाचलं.

"होती, असं लिहिलंय ना?"

"होती, असं लिहिलंय. पण वहिनी, आपण हरलो."

"ते कळलं," ती म्हणाली. तिनं कागद घेऊन ट्रंकेत रेशनकार्डाखाली ठेवला. शेवंता पत्र्याच्या पलीकडे होती. तिनं सगळं ऐकलं असणार, पण ती बाहेर आली नाही.

जानेवारीत शेवंताला हिवताप भरला. पहिल्या दिवशी ती तशीच मिलमध्ये गेली आणि दुपारी ओळीतच आडवी झाली. कमलबाई, तिच्या शेजारी बसणारी, तिला रिक्षात घालून घरी घेऊन आली. गोधडी अंगावर टाकल्यावर कमलबाईनं भिकुबाईला दारापाशी गाठलं आणि नजर न भिडवता सांगितलं, "मुकादमना निरोप शे. खाडा पडाले नको. घरमातली बाई धाडा, म्हने."

मंदा पुस्तक मिटून उठली. "मोठीमाय, पडू दे खाडा. मी नाही जात कॉलेजला, मी जाते कापूस वेचायला. तू नको जाऊ तिथं."

"परीक्षा कधी शे तुनी?"

"एप्रिलच्या दहाला."

"मंग दहा एप्रिलपावत खाडा नही."

सकाळी भिकुबाईनं खुंटीवरचं फडकं काढलं. मधल्या तीन वर्षांत शेवंतानं त्याला दोन ठिकाणी ठिगळ लावलं होतं. मिलच्या दारात पाय ठेवला तेव्हा ओळीतलं बोलणं थांबलं. कमलबाईनं बारदानाची घडी उलगडून दारापासून तिसऱ्या जागेवर पसरली आणि हातानं भुसा झटकला. भिकुबाई बसली. पहिल्या सुपातच तिची बोटं आपोआप चालू लागली, खडा बाजूला, गोटा बाजूला, काळा दाणा बाजूला. पलीकडे चाळणी धडधडत होती. तिच्या पट्ट्यावर आता लोखंडी जाळी बसवलेली होती.

संध्याकाळी ओळ उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा मुकादमानं पुस्तकातून मान वर केली नाही.

"शेवंताबाई."

"हाजर."

त्यानं डबी पुढे केली. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि शेवंताच्या नावापुढे उठवला. मागच्या दिवसांच्या अंगठ्यांत रेषा एका बाजूनं येऊन वळत होत्या आणि परत जात होत्या. त्यांच्या शेजारी हे चक्र, आणि चक्रातून तिरकी गेलेली पांढरी रेघ. मुकादमानं ओल्या शाईवर फुंकर मारली.

"उद्यापण तूच येशील?"

"तिचा ताप उतरेपर्यंत."

त्यानं पुढचं नाव घेतलं. भिकुबाईनं अंगठा लुगड्याच्या आतल्या काठाला पुसला आणि बाहेरच्या बायांत मिसळून निघून गेली.